गुणाजी गुरवाची पाकळी

फार वर्षांपूर्वीची ही हकिकत. किती वर्षं ते विचारायचं नाही. सांगणाऱ्यांनी मोजली नाहीत आणि ऐकणाऱ्यांनी मोजून काही पदरात पडायचं नाही. तेव्हा खाडीत नुसत्या शिडाच्या होड्या चालायच्या आणि करंजवेळ गावाला गाडीवाट नव्हती, एवढं धरून चला.

करंजवेळ खाडीच्या अगदी तोंडाशी. एका अंगाला माडांच्या राया, दुसऱ्या अंगाला भातजमीन, आणि मधल्या उंचवट्यावर माउलीचं देऊळ. देवळाच्या पायरीवर उभं राहिलं की खाडीचं मुख दिसायचं. त्यापलीकडे समुद्र. ओहोटीला पाणी त्या मुखातून इतक्या ओढीने बाहेर जायचं की वल्ही मारणाऱ्याचे खांदे निखळावेत.

त्या देवळात गुणाजी गुरव होता. बारकेला, कमी बोलणारा माणूस. त्याचं काम कौल लावण्याचं. कौल म्हणजे काय ते आता पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगून ठेवते. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी पाण्यात भिजवून चिकटवायची. मग गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाचा प्रश्न देवीपुढे मांडायचा, आणि उजवी पाकळी पडली तर काय समजायचं, डावी पडली तर काय, तेही सांगायचं. मागे उभ्या असलेल्या गावाने प्रत्येक वाक्याला म्हणायचं, "व्हय म्हाराजा." आणि वाट बघायची. पाकळी सुकत आली की पडते. जी आधी पडेल तो देवीचा शब्द.

आता कौल काय सगळ्या कोकणात लावतात. त्यात वाईट काही नाही. माणूस अडला की आईला विचारणारच. पण करंजवेळचे लोक जरा जास्तच विचारायचे. पेरणी कधी करायची, विचार कौल. मुलगी कुठे द्यायची, विचार कौल. एका म्हाताऱ्याने म्हैस गोठ्याच्या कुठल्या कोपऱ्यात बांधू, यासाठी कौल लावला होता, असं म्हणतात. भावाने भावाची वाट अडवली तरी भाऊ म्हणायचा, मी कुठे अडवली, देवीने अडवली. गावात कुणाचं वाईट झालं तर ते कुणीच केलेलं नसायचं. झोप मात्र सगळ्यांना गाढ लागायची.

गुणाजीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्याची बायको द्वारकी. चौदा वर्षांनी तिला मुलगी झाली. मुलगी दहा दिवसांची होती, आणि त्याच दिवसांत खाडीच्या वरच्या अंगाच्या गावांत पटकीची साथ सुरू झाली. सकाळी हागवण लागली की संध्याकाळी माणूस गेला, अशी ती साथ. गुणाजी देवळातून घरी आला की आधी अंगणात उभा राहून हातपाय चार-चार वेळा धुवायचा आणि मगच मुलीजवळ जायचा. तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. द्वारकी हसायची. तो हसायचा नाही. त्याला भीती वाटत होती, साधी सरळ भीती.

आणि एका भर दुपारी खाडीत होडी आली.

शीड फाटलेलं, वल्हं एकच. वरच्या अंगाच्या कुठल्यातरी गावातून साथीपुढे पळालेली माणसं. भरतीचं पाणी पोटात घेऊन खाडी डबडबलेली होती म्हणून होडी जागच्या जागी डोलत होती. काठापासून ती पाच-पन्नास हातांवर थांबली आणि एका माणसाने हाक दिली.

"आमका पाणी द्या. वाळयेर उतराक द्या. गावात येवचंव नाय."

एवढंच मागणं. देवळाखाली वाळूचा एक लांब पट्टा होता, वस्तीपासून दूर. तिथे उतरू द्या, म्हणत होते. गाव काठावर जमला. गावाचा मानकरी तुकोजी परब पुढे उभा. कुणी 'या' म्हणालं नाही. आणि ऐका हं, कुणी 'जा' पण म्हणालं नाही. जा म्हणायला तोंड उचलावं लागतं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग तुकोजी म्हणाला, "देवीक विचारूया."

सगळ्यांना हायसं वाटलं. सगळे देवळाकडे वळले.

गुणाजीने दोन पाकळ्या घेतल्या. पाण्यात बुडवल्या. डावी चिकटवली, उजवी चिकटवली. वर्षानुवर्षांचा हात होता तो. पाकळी किती ओली राहिली म्हणजे किती वेळ टिकते, हे त्याच्या अंगठ्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःला ठाऊक होतं की नाही, ते तो पुढे आयुष्यभर स्वतःला विचारत राहिला. उजवी पाकळी चिकटवताना त्याच्या डोळ्यांपुढे घरातली दहा दिवसांची मुलगी होती, आणि अंगठा पाकळीवरून एकदा जास्त फिरला. पाणी निपटलं गेलं. जरासंच.

मग तो म्हणाला, "बा देवी माउली, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा."

"खाडयेत परकी होडी उभी आसा. तिका घेवची नसली तर उजवी पाकळी पाड. घेवची आसली तर डावी."

"व्हय म्हाराजा."

असंही विचारता आलं असतं की घ्यायची असेल तर उजवी पाड. प्रश्न कसा मांडायचा ते गुरवाच्या जिभेवर असतं. जीभही त्याची आणि अंगठाही त्याचाच. उजवी पाकळी पडली. तुकोजीने ती उचलून कपाळाला लावली आणि काठावर जाऊन सांगितलं, देवी नाही म्हणते.

होडीतल्या माणसाने पुन्हा मागितलं नाही. देवीचं नाव घेतल्यावर काय मागणार? तेवढ्यात पाणी फिरलं. ओहोटी लागली, होडीचं तोंड आपोआप मुखाकडे वळलं आणि ती बाहेर ओढली गेली. एकच वल्हं, ते तरी काय करणार? काठावरून गावाने बघितलं. नजरेआड होईपर्यंत बघितलं आणि मग जो तो जेवायला गेला. गुणाजीही गेला. पानावर जाऊन बसला.

इथवरची हकिकत कुठल्याही गावाची असू शकते. इथून पुढची करंजवेळची.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खाडीच्या मुखात होडी उभी होती.

तीच. फाटक्या शिडाची. आत माणूस नाही. ओहोटीची ओढ तिच्या दोन्ही अंगांनी खळाळत जात होती आणि होडी तसूभर हलत नव्हती. चार गडी धीर करून दुसरी होडी घेऊन गेले. वल्हवत राहिले, वल्हवत राहिले. जितकं पुढे जावं तितकीच ती लांब. शेवटी त्यांनी मागे वळून बघितलं तर काठ हाताच्या अंतरावर होता, ते निघालेच नव्हते जणू. चौघेही तापाने आठ दिवस पडून होते, असं म्हणतात. ऊन उतरलं की होडी दिसेनाशी व्हायची. दुपारी पुन्हा उभी.

देवीला विचारूया, लोक म्हणाले. दुसरं त्यांना येत काय होतं?

गुणाजीने पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. "बा देवी माउली, मुखात होडी दिसता ती काय म्हणान दिसता?" आणि गाव तोंड उघडणार तेवढ्यात, खालून, खाडीच्या अंगाने, आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

गावातल्या कुणाचा नव्हता तो आवाज. बारीक, खारावलेला, खूप जणांनी एकदम म्हटलेला. बायकांनी पदर तोंडात कोंबले. गुणाजी तसाच उभा राहिला आणि ऐकताऐकता त्याने मोजलं. त्याला मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं. दहा आवाज शब्दांचे होते. अकरावा नुसता रडण्याचा होता. तान्ह्या पोराचा.

आणि पाकळ्या पडल्या नाहीत. संध्याकाळ झाली तरी नाहीत, दुसरा दिवस उजाडला तरी नाहीत. डावीही नाही आणि उजवीही नाही. सुकल्यासुद्धा नाहीत. चिकटवल्या तेव्हा जशा लाल आणि ओल्या होत्या तशाच राहिल्या. गुणाजीने दुसऱ्या दोन लावल्या. त्याही राहिल्या. पुढे वर्षभर जो जो कौल लावला त्याच्या पाकळ्या तशाच राहत गेल्या, आणि देवीचा पाषाण त्यांनी झाकून गेला. हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मग गावाची काय दशा झाली म्हणता? पेरणीला कौल नाही, म्हणून पेरणी खोळंबली. दोन लग्नं ठरता ठरता अडकली. घर शाकारू की नको, या विचारात एकाचं घर पावसात गळून बसलं. हातपाय धडधाकट असलेली माणसं ओटीवर बसून एकमेकांना विचारायची, आता काय करायचं. वर्षानुवर्षं वापरला नाही तर हातसुद्धा लुळा पडतो, मग मनाचं काय?

गुणाजी वाळत चालला. एके दिवशी तो तुकोजी परबाच्या खळ्यात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी उजव्या पाकळयेवरचां पाणी मी निपटलंय. माझ्या मनात भीती होती. होडी मी घालवलंय."

तुकोजी दचकला. त्याने आधी आजूबाजूला बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गुणाजी, तुझो आंगठो मोठो की देवी मोठी? पाडली ती देवीन. तू गप रव."

"माझां मन माका सांगता."

"तुझां मन काय सांगता तां आमका नको. तू पाडलंस म्हणशीत, तर आमी काय केलाव? आमी सगळे थंय उभे होताव."

खरं बोलून गेला तुकोजी, बोलायचं नव्हतं तरी. गुणाजी एकट्याने दोष कबूल केला असता तर गावाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं गेलं असतं. म्हणून त्यांनी त्याला कबूलही करू दिलं नाही. तो घरी आला. मुलगी रांगायला लागली होती, ती त्याच्या पायाशी आली, पण त्याला तिला उचलून घ्यावंसं वाटलं नाही. द्वारकीने विचारलं तेव्हा म्हणाला, "हिच्यासाठी केलंय, आणि आता हिच्याकडे बघवणां नाय." द्वारकीने मुलीला उचललं आणि त्याच्या मांडीवर बसवलं.

वर्ष फिरलं. पुन्हा चैत्र आला, पुन्हा वरच्या अंगाला पटकी पेटली. आणि पुन्हा भर दुपारी, डबडबलेल्या खाडीत, होडी आली. दुसरी होडी. खरीखुरी, आत सात माणसं. त्यांतली तीन आडवी पडलेली. एक बाई उभी राहिली आणि तिने हातातली कळशी काठाकडे तोंड करून उपडी धरली. त्यातून थेंब पडला नाही. तिला ओरडायची ताकद नव्हती.

आणि मुखात ती रिकामी होडी उभीच होती. सगळ्यांनी दोन्ही होड्या एकाच वेळी बघितल्या.

गाव जमला. तुकोजी म्हणाला, देवीला विचारूया. पाषाणावर वर्षभराच्या पाकळ्या तशाच होत्या, तरीही विचारूया. गुणाजीने दोन्ही खांद्यांवर उरलेल्या फटींत दोन पाकळ्या चिकटवल्या. भरपूर ओल्या, दोन्ही सारख्या. अंगठा फिरवला नाही. गाऱ्हाणं घातलं. या खेपेला म्हणाला, "होडी घेवची आसात तर उजवी पाड."

गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही, कारण खाडीतून ते आधीच आलं होतं.

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. ऊन कलत नव्हतं, वारा नव्हता. पाकळ्या हलत नव्हत्या. काठावर राहिलेला कुणीतरी वर येऊन सांगून गेला, पाणी थांबलं. भरती थांबली म्हणजे आता फिरणार. फिरलं की होडी गेली. लोक पाकळ्यांकडे बघत राहिले. पुन्हा कुणीतरी सांगून गेला, पाणी फिरलं. तरी लोक बघतच होते.

गुणाजीच्या घरी वर्षाची मुलगी होती. तिचा श्वास त्याला इथे, देवळात ऐकू येत होता, असं म्हणतात. आणि खालून तो अकरावा आवाज रडायला लागला.

गुणाजीने हात पुढे केला आणि देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आपल्या दोन बोटांनी काढली.

कौलाच्या पाकळीला हात लावायचा नसतो. लावणाऱ्याचा हात झडतो म्हणतात, वंश बुडतो म्हणतात. गुणाजी गावाकडे वळला आणि पाकळी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही देवीन पाडूक नाय," तो म्हणाला. "मी पाडलंय. गुणाजी गुरवान. गेल्या वर्साची पण मीच पाडलंय."

तुकोजी म्हणाला, "उद्या गावात पटकी शिरली तर कोणाच्या माथ्यार?"

"माझ्या."

"तुझां चेडू ल्हान आसा. तेचो इचार केलंस?"

"केलंय."

आणि तो पायऱ्या उतरला. कुणी अडवलं नाही. अडवायचं तर स्वतःच्या मनाने अडवावं लागलं असतं. तो छातीभर पाण्यात शिरला. ओढ लागली होती, होडीचं तोंड वळलं होतं. त्याने दोर धरला आणि बारकेल्या अंगाने ती होडी ओढत वाळूच्या पट्ट्याला लावली. तिघा गड्यांचं काम होतं ते. मुखातल्या होडीने त्याला हात दिला, असं काही जण म्हणतात. हे खरं वाटत नाही. तिला त्या दिवशी त्याच्याशी काही गोडीगुलाबी करायचं कारण नव्हतं. त्याने एकट्यानेच ओढली.

वाळूवर त्याने चार काठ्या रोवून सावली केली. पाणी आणलं, उकळलं, मीठ घालून पाजलं. घाण उपसली. घरी गेला नाही. द्वारकी रोज मुलीला कडेवर घेऊन लांब उभी राहायची आणि तो इकडून हात वर करायचा. मुलीला पुढे बाप आठवायचा तो असाच, वाळूच्या दुसऱ्या टोकाला हात वर करून उभा.

पहिला दिवस कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंती आली. धक्क्याजवळ एकटी राहणारी विधवा बाई, पन्नाशीची, फटकळ. डोक्यावर पेजेचं मडकं. येऊन म्हणाली, "मी जयवंती. पेज घेवन इलंय. माका कोणी धाडूक नाय."

हे तिने का सांगितलं? विचारलं कुणीच नव्हतं. पण त्या गावात असं वाक्य कुणी आजवर बोललेलं नव्हतं, आणि ते ऐकून गुणाजी वाळूत बसला आणि रडला. जयवंती म्हणाली, "रडतंस काय, पेज वाढ."

तिसऱ्या दिवशी आणखी दोघं आली. येणारा आपलं नाव सांगायचा आणि काय करतो ते सांगायचा. मी अमका, लाकडं आणलीत. मी तमकी, ह्या पोराला मांडीवर घेते. सांगा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण जयवंतीपासून ते तसंच पडलं. शेवटी तुकोजी परब आला, खांद्यावर माडाच्या झापांचा भारा घेऊन. मान खाली घालून म्हणाला, "मी तुकोजी. छप्पर घालतंय." ते वाक्य बोलताना त्याला लग्नातल्यापेक्षा जास्त लाज वाटली होती, असं म्हणतात. पण छप्पर चांगलं घातलं.

सातांपैकी पाच जगली. दोन गेली. आणि मग जयवंतीला लागण झाली.

सकाळी लागली, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. गुणाजी तिच्या उशाशी बसला होता. गाव थोड्या अंतरावर उभा होता. गुणाजीला वाटलं, आता हे आपलं. त्याने कपाळ वाळूला टेकवलं आणि म्हणाला, "तुका मी मारलंय जयवंती. होडी मी घेतलंय."

जयवंतीचा आवाज बसला होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

"गप रव. होडी तू घेतलंस, तां तुझां. पेज घेवन मी इलंय, तां माझां. माझ्या पायांनी इलंय. मरताना माझ्या हातात एवढांच आसा, तां पण तू कित्याक घेतंस?"

मग ती म्हणाली, "आणि त्या पयल्या होडयेतल्या अकरांचां मी घेवचंय नाय. तेंचां तू बघ." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मी पण थंय उभी होतंय. व्हय म्हणालंय. माझ्यापुरतां मी घेवन जातंय." मग पाणी मागितलं, प्याली आणि गेली.

त्याच वेळी, भर दुपारी, देवळात कुणी नसताना, देवीच्या अंगावरच्या वर्षभराच्या पाकळ्या एकदम गळून पडल्या. गाभारा लाल झाला. धावत गेलेल्यांनी उचलून पाहिल्या तर ओल्याच होत्या. उजव्या कुठल्या आणि डाव्या कुठल्या ते कळायला मार्ग नव्हता, आणि कुणी काही विचारलेलंही नव्हतं.

लोक म्हणाले, देवी प्रसन्न झाली, सुटलो. गुणाजीने बाहेर येऊन मुखाकडे बघितलं. होडी उभी होती.

तो पावसाळा सरल्यावर गुणाजी खाडीच्या काठाकाठाने वरच्या गावांना चालत निघाला. प्रत्येक गावात विचारायचा, गेल्या चैत्रात इथून फाटक्या शिडाची होडी निघाली का? लोक दारातून हाकलायचे, तो पुढच्या दाराशी जायचा. कुणी विचारलं, तू कोण, की सांगायचा, ज्याने त्यांना घालवलं तो मी. एका ठिकाणी त्याला धोंडे मारले. कपाळावर खोक पडली, तरी तो नाव घेऊनच उठला. दोन वर्षं तो असा फिरत होता. परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा नावं होती. केरू, त्याची बायको राही, तिची सासू भागू, असं करत दहा. अकरावं तान्हं पोर कुणालाच ठाऊक नव्हतं. राही दिवस भरलेली निघाली होती, ते होडीतच जन्मलं होतं. त्याला नाव ठेवायला कुणाला सवडच मिळाली नव्हती.

एका दुपारी गुणाजीने मुलीला, कृष्णीला, मांडीवर घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला तिच्याकडे नीट बघता आलं. द्वारकीला म्हणाला, "एक नाव रवला हा. विचारून येतंय."

तो वाळूवरून पाण्यात शिरला. ओहोटी होती, तरी पाणी त्याला ओढत नव्हतं. द्वारकी काठावर उभी होती, तिने सगळं बघितलं. चालत चालत तो मुखापर्यंत गेला, आणि पाणी त्याच्या कमरेवर आलं नाही. जिथे चौघांच्या वल्ह्यांना होडी हाती लागली नव्हती, तिथे ती या खेपेला जागेवर थांबली. त्याने कडेला हात ठेवला, आत चढला आणि कुणाशी तरी बोलावं तसा वाकला. मग होडी हलली. साध्या होडीसारखी, पाण्याच्या ओढीने, बाहेर गेली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. गुणाजीही दिसला नाही.

गुणाजीचा वंश बुडला नाही. कृष्णी मोठी झाली आणि गुरवकी तिने मागितली. तुकोजीने कौल न लावता दिली. तेव्हापासून करंजवेळच्या देवळात गुरवकी बाईकडेच असते, अजून आहे.

चैत्रात ठरल्या दिवशी गाव वाळूवर जमतो. दहा नावं मोठ्याने घेतात. मग गप्प बसतात. बाहेरच्या माणसाला ती शांतता सोसत नाही, तो इकडेतिकडे बघायला लागतो. त्या शांततेत कधी कधी, अगदी जवळ, पाण्यावर कुणी पोराला झुलवत असल्यासारखं ऐकू येतं, असं म्हणतात. मग जयवंतीच्या नावाने सगळ्यांना पेज वाढतात.

आणि कौल? लावतात की. पाऊस कधी येईल, मृग कसा जाईल, माणसाच्या हातात नसलेलं सगळं देवीला विचारतात. पण एका माणसाने दुसऱ्या माणसाचं काय करायचं, हे करंजवेळमध्ये देवीला विचारत नाहीत. विचारायला आलेल्याला गुरवीण पाकळी लावून देत नाही.

अलीकडचीच गोष्ट. भालचंद्र मेस्त्रीची मुलगी सासर सोडून आली. नवरा मारायचा. बाप तिला घेऊन थेट देवळात आला. घरात ठेवायची की परत धाडायची, कौल लावा म्हणाला. गुरवीण म्हणाली, "तुझां नाव सांग, आणि काय करतंस तां सांग."

तो म्हणाला, लोक काय म्हणतील, मागे धाकट्या दोघी आहेत. गुरवीण म्हणाली, "नाव सांग." तो म्हणाला, देवीनेच सांगितलं तर बरं होईल. ती समई पुसत राहिली. सकाळी आलेला बाप पायरीवर उभा होता. मुलगी खांबाला टेकून बसली होती, एकदा बापाकडे बघायची, एकदा जमिनीकडे. दुपार झाली. गाव येऊन जाऊन होता, पण कुणी त्याला सल्ला दिला नाही.

उन्हं कलली तेव्हा तो म्हणाला, "मी भालचंद्र मेस्त्री." मग मुलीजवळ गेला आणि तिच्या पायाशी ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलली. "माझां चेडू मी घराक घेवन जातंय," म्हणाला, आणि तिच्या पुढे चालायला लागला.